पाव्हण्याच्या गावी पाव्हणं: लिस्बन तिथल्या मित्राबरोबर कसं बघावं

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नवं यंत्र बसवायला लिस्बनहून एक इंजिनिअर आला होता. मुक्काम तीन आठवड्यांचा. चौथ्या दिवशी हॉटेलच्या जेवणाने त्याचं पोट बिघडलं, म्हणून मी त्याला घरी घेऊन आलो आणि मग तो रोजच यायला लागला. आईला त्याचं नाव काही उच्चारता येईना. "पाव्हणं, आणि एक भाकरी घ्या की," असं तिचं चालायचं. तेच नाव पडलं. आजही आमच्या घरात तो पाव्हणाच आहे.

एका रविवारी त्याला बेळगावचा किल्ला दाखवायला नेलं. कमल बस्ती या जैन मंदिरासमोर उभा राहून त्याने विचारलं, "हे कधीचं?" मी लहानपणापासून त्या किल्ल्यात सायकल फिरवलेली, पण बस्तीच्या आत एकदाही गेलो नव्हतो. आत गेलो तेव्हा छतातून खाली उतरलेलं ते काळ्या दगडातलं कमळ मीही त्याच्याइतकंच आ वासून बघत होतो. रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ सालचं, हे नंतर वाचून सांगितलं. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीचं तेच. १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते अधिवेशन. मी तिच्यावरून रोज स्कूटर नेतो, पण थांबलो ते पाव्हण्यामुळे.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. गावच्या माणसाला गाव ठाऊक असतं, गावातलं बघण्यासारखं ठाऊक असेलच असं नाही. पुढे दोन वर्षांनी मी नऊ दिवस लिस्बनला त्याच्याकडे गेलो, तेव्हा याच गोष्टीवर सगळा बेत आखला. तुमचा मित्र प्रागला असो की इस्तंबूलला, बेताची रीत तीच. तपशील मात्र मी माझ्या गावाचा आणि त्याच्या गावाचा सांगतो.

पायरी पहिली: निमंत्रण कागदावर आणा

"ये की कधीतरी" या बोलण्यावर व्हिसा मिळत नाही. पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मोठ्यांसाठी फी ९० युरो. प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा हवा. मित्राच्या घरी राहणार असाल तर हॉटेलच्या बुकिंगऐवजी त्याचं पत्र जोडावं लागतं. पोर्तुगालमध्ये यजमानाने सही करून द्यायचा एक ठरलेला जबाबदारीनामा असतो. तो मित्राकडून वेळेत मागा. पाव्हण्याने तो पाठवायला तीन आठवडे लावले. मागायला मला संकोच वाटत होता, म्हणून पहिला आठवडा माझाच वाया गेला. कागदाच्या बाबतीत संकोच करू नये. आपला पत्ता कुठल्या व्हिसा केंद्राच्या हद्दीत येतो तेही आधीच बघून घ्या, नाहीतर बेळगावहून एक खेप फुकट जाते.

तारखा मित्राच्या सोयीने ठरवा. त्याची नोकरी चालू असणार, सुट्टी तुमची आहे. दोन शनिवार-रविवार मिळतील असा मुक्काम धरा. जून चालत असेल तर १२ जूनची रात्र साधा. संत अँथनीचा जन्म लिस्बनचा, आणि त्या रात्री जुन्या वस्तीतल्या गल्ल्यागल्ल्यांत शेगड्या पेटतात, सार्डिन भाजले जातात. घरोघरी बारीक पानांच्या तुळशीसारख्या झाडाची छोटी कुंडी भेट देतात, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. त्या झाडाला नाक लावायचं नाही. पानांवरून तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. आमच्या आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग बरोबरच आहे, तुळशीला कोण नाक लावतं?"

पायरी दुसरी: काय न्यावं, काय नेऊ नये

बेळगावहून निघालेल्या माणसाच्या हातात कुंदा हवाच, असं आपल्याला वाटतं. नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. फळांनाही वनस्पती तपासणीचा दाखला लागतो. अननस, नारळ, केळी, खजूर, दुरियन एवढ्यांनाच सूट. म्हणजे गंमत बघा, गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून ज्याला हापूस म्हणतात तो आंबा अफोन्सोच्या देशात पिशवीतून नेता येत नाही, अननस मात्र चालतो.

मी संकेश्वरी मिरचीची पूड नीट पॅक करून नेली आणि पाव्हण्याच्या आईसाठी अथणीची कोल्हापुरी चप्पल. मापासाठी त्याला आईचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून फोटो पाठवायला सांगितलं होतं. शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगायला विसरलो. चप्पल अर्धा इंच मोठी झाली. म्हातारी ती लोकरी मोजे घालून वापरते.

स्वतःसाठी बूट न्या, तळव्याला चांगली पकड असलेले. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसाल्टच्या लहान तुकड्यांनी जडवलेले असतात. दिसायला रांगोळी, पाऊस पडला की शेवाळलेला घाट. गाव टेकड्यांवर वसलेलं आहे, तेव्हा चढ-उतार काही चुकत नाही.

पायरी तिसरी: आपला एक धागा आधी ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. "काय काय बघायचं आहे तुला?" असं मित्राने विचारलं आणि तुम्ही "तू दाखवशील ते" म्हणालात की संपलं. तो तुम्हाला पोस्टकार्डावरची पाच ठिकाणं दाखवणार आणि दोघंही कंटाळणार. त्यापेक्षा आपल्या घरातून निघणारा एखादा प्रश्न घेऊन जा. तिथला इतिहास त्याला शाळेत शिकवलेला असतो, पण तुमच्या घरचा प्रश्न त्याला नवा असतो. त्याचं उत्तर शोधायला तोही निघतो.

मला धागा शोधायला लांब जावं लागलं नाही. निपाणीचा तंबाखू, संकेश्वरची मिरची, बेळगाव तालुक्यातले बटाटे आणि रताळी, गोव्याकडचा काजू. यातलं एकही पीक मूळचं आपलं नाही. सगळी अमेरिका खंडातली, आणि इकडच्या किनाऱ्यावर आली ती बहुतेक पोर्तुगीज जहाजांतून. जोडीला शब्दही आले. निघण्याआधी एका संध्याकाळी आम्ही घरात बसून यादी केली: पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, तंबाखू, साबण, चावी, मेज, बादली, घमेलं, परात, पिंप, पगार, लिलाव, तुरुंग, मिस्त्री, नाताळ. आजी असती तर तिने ‘जनेल’ घातलं असतं. तिच्या माहेरी, खानापूरच्या पलीकडच्या रानात, खिडकीला कोणी खिडकी म्हणत नसे. यातले बहुतेक शब्द पोर्तुगीजातून आलेले.

दुसरा धागा जरा जड होता. आमचं कुलदैवत शांतादुर्गा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात देवळं पडायला लागली तेव्हा मूर्ती केळशीहून कवळ्याला हलवली, हे घरात सगळ्यांना पाठ. ज्या गावात बसून हे हुकूम निघाले ते गाव मी बघायला चाललो होतो.

पायरी चौथी: पहिला दिवस काहीच बघू नका

लिस्बनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. पोचल्यावर अंग मोडलेलं असतं. त्या दिवशी मित्राच्या मागे त्याच्या कामांना जा. पाव्हण्याला आईची औषधं घ्यायची होती, बूट शिवायला टाकायचे होते, भाजी आणायची होती. मी पिशवी धरली.

भाजीच्या दुकानातून प्रवासाचं कार्ड घेतलं तेवढंच माझं काम. नावेगान्त नावाचं हे कार्ड ५० सेंटला मिळतं आणि त्यात पैसे भरले की मेट्रो, बस, ट्राम, लोकल, नदीवरची होडी सगळीकडे चालतं. एका माणसाला एक कार्ड, दोघांत चालत नाही. पाव्हण्याचं म्हणणं, लोक येतात आणि पहिल्याच दिवशी दुप्पट भाडं देऊन ट्राममध्ये सुटे पैसे मोजत उभे राहतात.

संध्याकाळी त्याच्या आईने सूप केलं. बटाटा उकडून घोटलेला, त्यात पानकोबीच्या जातीची हिरवी पानं केसासारखी बारीक चिरून टाकलेली. तिला एक अक्षर इंग्रजी येत नाही, मला पोर्तुगीज. मी भांड्याकडे बोट दाखवून म्हटलं, "बटाटा." ती थबकली. मग पानांकडे बोट दाखवून म्हणाली, "कोव्ह." मी म्हटलं, "कोबी." तिने पळीच खाली ठेवली. मग टेबल, "मेझा", मी म्हटलं मेज. बेसिनखालची बादली, "बाल्द". साबण, "साबांव". पाव्हणा दारात उभा राहून हसत होता, आणि म्हातारी मला स्वयंपाकघरभर हात धरून फिरवत होती. सूप निवलं.

तुम्ही शाकाहारी असाल तर एक सांगून ठेवतो. या सुपात शेवटी मसालेदार डुकराच्या सॉसेजची चकती सोडायची पद्धत आहे. आधीच "सें कार्न, सें पैश" म्हणजे मांस नको, मासा नको असं सांगा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मासा चालतो असं समजणारे तिथे पुष्कळ आहेत.

पायरी पाचवी: कामाची वाटणी

मित्राला गाईड करू नका. आमची वाटणी अशी होती: तिकिटाची, रांगेची ठिकाणं मी एकट्याने सकाळी बघायची, पाव्हण्याला कामावरून सुटल्यावर गल्ल्या, जेवण, गप्पा. शनिवार-रविवारी एकच मोठा बेत. सोमवारी मोठी सरकारी स्मारकं आणि संग्रहालयं बहुतेक बंद असतात, तो दिवस भटकंतीला ठेवा. आणि कुठलंही मोठं ठिकाण दुरुस्तीसाठी महिनोन्महिने बंद असू शकतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्यांचं संकेतस्थळ बघा. मित्राला हे ठाऊक नसतं. तो तिथे शाळेच्या सहलीला गेला होता, त्यानंतर नाही.

पायरी सहावी: वरून खाली उतरा

जुनं लिस्बन चढून बघायचं नाही, उतरून बघायचं. सकाळी लवकर मार्तिम मोनीझ चौकातून २८ नंबरची पिवळी ट्राम पकडा आणि ग्रासापर्यंत वर जा. नऊनंतर ती पंढरपूरच्या गाडीसारखी भरते, आणि पाकीटमारांची आवडती तीच आहे. पाकीट पुढच्या खिशात, पाठपिशवी छातीवर. चौकाच्या आसपास बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं आहेत. कोथिंबीर, तूरडाळ, सगळं मिळतं. ११४७ मध्ये अफोन्सो हेन्रिकेश या पहिल्या राजाने मुसलमान राज्यकर्त्यांकडून लिस्बन जिंकलं, तेव्हा उरलेल्या मूर लोकांना याच बाजूला वस्ती दिली. म्हणून या भागाचं नाव मोरारिया. परक्यांना किल्ल्याच्या पाठीशी जागा देण्याची ही रीत तिथे पावणेनऊशे वर्षं जुनी आहे.

ग्रासाजवळ सेन्योरा दु मोंत नावाचा सज्जा आहे, तिथून सगळं गाव आणि तेजू नदी एका नजरेत येते. नकाशात तिला टॅगस म्हणतात. पाच मिनिटं थांबून गाव नजरेत बसवा, मग चालत उतरा: पोर्तास दु सोल, त्याला लागून सांता लुझिया. या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचं एक चित्र आहे, नदीकाठचा राजवाड्याचा चौक भूकंपाआधी कसा होता त्याचं. बहुतेक लोक त्याला पाठ करून नदीचे फोटो काढत असतात. तुम्ही ते नीट बघा, खाली गेल्यावर उपयोगी पडतं.

तिथून अल्फामाच्या गल्ल्यांत शिरा. नाव अरबी आहे, गरम झऱ्यांवरून पडलेलं. नकाशा खिशात घाला. पाण्याच्या दिशेने उतरत राहिलात तर चुकूनही बरोबर ठिकाणीच येता. वाळत घातलेले कपडे, दारात स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या. शहापूरच्या एखाद्या गल्लीत दुपारी चारला शिरावं तसं. मित्र बरोबर असण्याचा फायदा इथे कळतो. पाव्हण्याची मावशी तिथली, त्यामुळे तीन ठिकाणी थांबून चौकशा झाल्या. फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि दारातल्या बाईला आधी "बों दिया" म्हणायचं, हे त्याने बजावलं होतं. आभार मानताना पुरुषाने "ओब्रिगादु" म्हणायचं, बाईने "ओब्रिगादा". ‘आलो’, ‘आले’ म्हणणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

खाली उतरलं की से कॅथेड्रल. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचं नाव ऐकलेल्याला ते ओळखीचं वाटतं. याचं बांधकाम ११४७ च्या विजयानंतर सुरू झालं. मागच्या आवारात खणल्यावर खाली मुसलमानी काळातलं आणि त्याखाली रोमन काळातलं बांधकाम निघालं. कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला अल्जुब नावाची इमारत आहे, सालाझारच्या हुकूमशाहीतला राजकीय कैद्यांचा तुरुंग. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. ते एकट्याने बघू नका, मित्राबरोबर बघा. का, ते पुढे येईल.

पायरी सातवी: भूकंप समजून घ्या, नाहीतर बाइशा कळत नाही

उतार संपला की एकदम सरळ, आखीव रस्त्यांचं गाव लागतं. हा बाइशा. वर बोळ आणि खाली पट्टीने आखलेले रस्ते, हे कसं? १ नोव्हेंबर १७५५ मुळे. ही तारीख बेळगावात वेगळ्या कारणाने, राज्योत्सव आणि काळ्या दिनामुळे, सगळ्यांच्या लक्षात असते, म्हणून ती मला पाठ करावी लागली नाही. तो सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमाराला चर्चं माणसांनी आणि पेटलेल्या मेणबत्त्यांनी भरलेली असताना जमीन हलली. जे वाचले ते मोकळ्या जागेकडे म्हणून नदीकाठी धावले, तिथे समुद्राची लाट आली. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पाच-सहा दिवस जळत होती.

गाव पुन्हा उभं केलं ते मार्केस द पोंबाल या मंत्र्याने. पाव्हणा यंत्राचा इंजिनिअर, त्यामुळे इथे तो खुलला. एका ओळखीच्या दुकानदाराने आतल्या भिंतीचा गिलावा एका जागी काढून काच लावली आहे, तिथे मला उभं केलं. भिंतीच्या पोटात लाकडी सांगाडा: उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि त्यात फुलीच्या आकारात ठोकलेली लाकडं, मधल्या जागेत वीट आणि चुना. याला ते ‘गायोला’, म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हलली तर लाकूड लवतं, दगड ढासळला तरी पिंजरा उभा राहतो. नमुना उभारून सभोवार सैनिकांना पाय आपटत चालायला लावून तो तपासला, अशी गोष्ट सांगतात. मला कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाच्या वडिलांनी सांगितलेल्या आठवणी आठवल्या, आणि १९९३ ला किल्लारीत जाड दगडमातीच्या भिंतींखाली झोपेतच गेलेली माणसं. त्याच्या देशाने हे अडीचशे वर्षांपूर्वी भिंतीत घातलं होतं, हे ऐकून मी जरा गप्पच झालो.

रस्त्यांची नावं वाचत चला. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा. पोंबालने धंद्यांप्रमाणे रस्ते वाटून दिले. आमच्या सराफ गल्लीला आणि भोई गल्लीला हे समजावून सांगायला नको. टोकाला नदीवरचा मोठा चौक. फलकावर त्याचं नाव ‘व्यापार चौक’ आहे, पण पाव्हणा आणि त्याची आई त्याला ‘तेरेरू दु पासू’, राजवाड्याचं अंगण असंच म्हणतात. राजवाडा १७५५ लाच गेला. फलक बदलून गावाचं नाव बदलत नाही, हे बेळगावच्या माणसाला किती पटावं!

वर कार्मोचा मठ आहे, त्याचं छत त्या भूकंपात कोसळलं ते परत घातलंच नाही. कमानी नुसत्या आकाशाला टेकलेल्या. संध्याकाळच्या उन्हात जा.

पायरी आठवी: बेलें, आणि अवघड बोलणं

बेलें या नदीकाठच्या भागात सकाळी पहिल्या तासात पोचा. जेरोनिमोसच्या मठाचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला चालू झालं, आणि त्याला पैसा पुरवला मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. म्हणजे मलबारच्या मिरीने. मिरी तिकडे गेली, मिरची इकडे आली. मठाच्या चर्चमध्ये शिरल्यावर दाराजवळच वास्को द गामाची कबर आहे. तो वारला कोचीत, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, आणि आधी तिथेच पुरलेला होता. चर्चची रांग आणि मठाच्या अंगणाची रांग वेगळी असते, चुकीच्या रांगेत तासभर घालवू नका.

नदीतला बेलेंचा बुरूज बघताना एका कोपऱ्यातल्या टेहळणी मनोऱ्याखाली गेंड्याचं झिजलेलं डोकं शोधा. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने अल्बुकर्कला दिलेला हा गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने निघून लिस्बनला उतरला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने न बघताच त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं. राजाने पुढे तो पोपला भेट म्हणून पाठवला, वाटेत जहाज बुडालं. पाव्हणा पन्नास वर्षं त्या गावात राहतो, त्याने हे डोकं कधी बघितलं नव्हतं. कमल बस्तीची फेड झाली.

दोन्हींच्या मध्ये नदीकाठी दर्यावर्दींचं उंच दगडी स्मारक आहे, आजचं बांधकाम १९६० चं. त्याच्या पायाशी बसून आम्ही ते बोलणं केलं जे टाळता आलं असतं. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा त्यांच्या लेखी गेला आणि आपल्या लेखी सुटला. भारतीय लष्कराची सतरावी डिव्हिजन त्यासाठी बेळगावातच जमली होती. कॅम्पातून रात्रभर गेलेले ट्रक दादांनी बघितले होते, ते मी सांगितलं. पाव्हण्याच्या काकाला त्याच साली अंगोलाच्या युद्धावर पाठवलं होतं, हे त्याने सांगितलं. त्याच्या शाळेच्या पुस्तकात गोव्याला एक परिच्छेद होता म्हणे.

असं बोलणं करायचं तर तीन गोष्टी सांभाळा. संग्रहालयात नको, चालताना किंवा बसून बोला. घरच्या गोष्टीने सुरुवात करा, आरोपाने नको. आणि त्याच्या लोकांनी काय सोसलं ते विचारा. अल्जुबला एकत्र जा म्हणालो ते यासाठी. ज्या सत्तेने गोव्याच्या सत्याग्रहींना कोंडलं तिनेच आपल्या माणसांनाही कोंडलं होतं. बेलेंवरून पुढे किनाऱ्याने जाणाऱ्या लोकलवर काशियास नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात गोवा मुक्तिलढ्यातले सांगलीचे मोहन रानडे १९६९ पर्यंत होते. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी धडपडले होते, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. स्टेशनवर काही बघायला नाही. आम्ही उतरलो, फलाटावर उभे राहिलो, पुढच्या गाडीने परत आलो. २५ एप्रिल १९७४ ला ती राजवट कोसळली ती कार्मोच्या मठासमोरच्याच चौकात, सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी तांबडी फुलं खोचली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी झालेल्या कराराने पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं.

पायरी नववी: खाणं आणि बिल

टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. हे फुकट नसतं. खाल्लं तर पैसे, हात लावला नाही तर नाही. एकदा एकट्याने जेवताना मी ते आपल्याकडच्या चटणी-कांद्यासारखं धरून चाललो आणि बिल बघून दचकलो. जेवण दुपारी साडेबारा ते अडीच-तीन, रात्री साडेसात-आठनंतर. मधल्या वेळात छोट्या खाणावळींची चूल बंद. दुपारी ‘दिवसाचं ताट’ मागा, स्वस्त पडतं. एक ताट दोघांना पुरतं, म्हणून ‘मेया दोझ’, अर्धं ताट मागायला लाजू नका. शाकाहाऱ्यांनी ‘पेशिन्युश दा ओर्ता’ शोधावं. नावाचा अर्थ मळ्यातले छोटे मासे, प्रत्यक्षात घेवड्याच्या शेंगांची भजी. पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्या.

बिलावरून मित्राशी झटापट होणारच. आम्ही ठरवलं: बाहेर एकदा त्याने, एकदा मी, घरचा किराणा अर्धा माझा. शेवटच्या शनिवारी मी पिठलं-भाकरी केली. ज्वारीचं पीठ मार्तिम मोनीझला मिळालं. भाकऱ्या फुगल्या नाहीत.

पायरी दहावी: फादो ऐकताना तोंड बंद

फादो म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं. ते ऐकायला अल्फामातल्या जेवणासह तिकिटाच्या ठिकाणी न जाता मित्राला विचारा की शेजारपाजारची माणसं उठून कुठे गातात. गाणं सुरू होताना दिवे मंद करतात आणि मग सुरीकाट्याचाही आवाज चालत नाही. आमच्या भागातलं सुळेभावी म्हणजे कुमार गंधर्वांचं जन्मगाव, जागेवर दाद द्यायची सवय हाडात भिनलेली. एका हरकतीवर माझ्या तोंडून ‘वाः’ निघाला. सगळ्या खोलीने वळून बघितलं. गाणाऱ्या बाईने डोळे उघडले नाहीत, पण ओठाच्या कोपऱ्यातून हसली असावी असं मला वाटलं. पाव्हणा म्हणतो, नाही हसली.

पायरी अकरावी: त्याने न बघितलेलं त्याला दाखवा

शेवटच्या रविवारी बेत माझा होता. फरशांचं राष्ट्रीय संग्रहालय, १५०९ साली राणीने वसवलेल्या मठात. तिथे भूकंपाआधीच्या लिस्बनचं सुमारे २३ मीटर लांबीचं चित्र फरशांवर रंगवलेलं आहे, साधारण १७०० सालचं. पाव्हण्याच्या आईलाही नेलं. मोजे आणि चप्पल घालून. ती चित्राच्या एका टोकापासून चालत निघाली, अल्फामा आलं तेव्हा बोटाने बहिणीची गल्ली शोधायला लागली. त्या चित्रात बहीण नव्हतीच, पण गल्ली मिळाली. आम्ही तिथे दीड तास होतो. मला इंग्रजी फलक वाचायला मिळाले ते तेवढेच.

निघताना प्रवासाच्या कार्डात उरलेले पैसे कार्डासकट यजमानाच्या घरी ठेवा, पुढच्या पाव्हण्याला होतात. घरच्यांसाठी सार्डिनचे डबे घ्या, शाकाहारी घरात अंडं चालत असेल तर दालचिनी भुरभुरायचे ते कस्टर्डचे पेढेवजा केक. दोन दिवस टिकतात, हातातल्या पिशवीत ठेवा. आणि खिसे तपासा. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत मी शिरलो होतो, तेवढ्यात पलीकडून पाव्हणा हात उंचावून ओरडायला लागला, "शाव! शाव!" पुढचे-मागचे सगळे बघायला लागले. मी खिशात हात घातला आणि त्यांच्या घराची चावी काढून दोरीवरून त्याच्याकडे फेकली.